देवमन सरांचा ब्रोगा

वाशीमकडच्या आमच्या मालेगावच्या चौकात वाहतुकीच्या पोलिसाने आमची मोटारसायकल अडवली आणि लायसन मागितलं. गाडी देवमन घुगे सर चालवत होते, मी मागे बसलो होतो. सरांनी गाडी बाजूला घेतली, शांतपणे स्टँडवर लावली आणि पोलिसालाच विचारलं, "साहेब, या शब्दाचं गाव कोन्तं, माहीत हाय काय?"

"कोन्त्या शब्दाचं?"

"लायसन. दिवसातून शंभर डाव म्हनता तुमी. कधी पुसलं त्याले, बापा तू कुठचा?"

पोलिस गोंधळला. सरांनी मग भर चौकात त्याला सांगितलं, की हा शब्द मूळचा लॅटिनचा. तिथून फ्रेंचांच्या घरी नांदायला गेला, इंग्रजांनी तिथून उचलला, आणि अर्थ काय, तर मोकळीक. "आता तुमीच सांगा, मोकळीक कोनी खिशात घेऊन फिरते काय?"

खरी गोष्ट अशी, की सर लायसन घरी विसरले होते. पण पोलिस खदखदून हसला आणि आम्हाला टपरीवर घेऊन गेला. चहा पिता पिता त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "हे कोन?"

"हे काळे सर. इंग्लिशचेच. एम.ए. हायत, फर्स्ट क्लास," देवमन सर अभिमानाने म्हणाले.

पोलिसाने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि पुन्हा देवमन सरांकडे वळून विचारलं, "मंग सर, पोलिस हा शब्द कुठचा?"

मी सरळच सांगून टाकतो. मला देवमन सरांचा हेवा वाटतो. आज वाटतो असं नाही, सोळा वर्षांपासून वाटतो. आम्ही दोघं मालेगावला राहतो आणि किन्हीराजा गावच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. रोज एकाच गाडीवर जाणं-येणं. माझ्याकडे व्याकरणाच्या पुस्तकांचं काचेचं कपाट आहे. क्रियापदाचे काळ या विषयावर माझे तीन लेख पेपरच्या पुरवणीत छापून आले, त्यांना मी लॅमिनेशन करून घेतलं. देवमन सर बी.ए.ला इंग्रजीत दोनदा नापास झालेले. 'स्कूल'ला इस्कूल म्हणतात, 'स्टेशन'ला टेसन. तरीही मधल्या सुट्टीत पोरं त्यांच्याभोवती गोळा व्हायची, आणि मी स्टाफरूममध्ये डबा उघडून खिडकीतून तो घोळका मोजायचो.

त्यांच्याकडे होतं काय? एक खोड. कोणीही इंग्रजी शब्द उच्चारला, की सर त्याचं गाव सांगणार. शब्दांची ते सोयरीक लावायचे. हा अमक्याचा घरजावई होय, ही तमक्या घरची पळून आलेली पोरगी. एकदा मुख्याध्यापकांनी त्यांच्या फळ्यावरच्या अक्षराला 'नाईस' म्हटलं. सर अदबीने म्हणाले, "सर, या शब्दाचा जुना अर्थ मूर्ख. आता सुदरला तो, पन खानदान तेच हाय." त्यानंतर मुख्याध्यापकांनी आमच्यापैकी कोणालाच नाईस म्हटलं नाही. माझ्या पाठटाचणाला ते त्याच आठवड्यात म्हणणार होते, असा मला दाट संशय आहे.

सरांच्या घरी जाडजूड शब्दकोशांची उतरंड आहे. त्यातला सगळ्यात जुना त्यांनी अकोल्याच्या रद्दीवाल्याकडून आणलेला. त्याला कव्हर नाही, पहिली पानं नाहीत, नाव-गाव काही नाही. पहिलं अक्षर तर वाळवीने सबंध खाऊन टाकलेलं. त्यामुळे इंग्रजीतल्या 'ए'पासून सुरू होणाऱ्या जुन्या शब्दाबद्दल कोणी विचारलं, की सर म्हणायचे, "ते वाळवीले पुसा. तिनं वाचलं हाय."

त्याच पुस्तकात त्यांना तो शब्द सापडला. गेल्या वर्षीची गोष्ट. सकाळी गाडीवर असताना ते अचानक ओरडले, "सर, ब्रोगा!"

मला वाटलं रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली. मी डोळे मिटून त्यांची कंबर धरली.

"शब्द होय, सर, शब्द!" ते वाऱ्यात मान मागे वळवून म्हणाले. "हजार वर्षाआधीच्या इंग्रजीतला. ब्रोगा म्हन्जे दहशत. पन साधी नाई. आंगावर धावून येनारी."

"पुढे पाहा, पुढे!"

"पान्याचं भेव वाटलं त त्याचा येगळा ब्रोगा. लढाईचा येगळा. येवढं मोठं खानदान होतं, अन् आता पाहा, सगळं बुडालं. आजच्या इंग्रजीत त्याच्या नावानं दिवा लावाले कोनी नाई उरलं."

मी म्हणालो, "मेलेला शब्द कशाला उकरता?" त्यांनी मान पुढे वळवली. जऊळक्याच्या फाट्यापर्यंत गाडी नुसती चालवत राहिले.

त्या दिवसापासून त्यांनी बाकी सगळे शब्द बाजूला ठेवले. ब्रोगा एके ब्रोगा. वर्गात ब्रोगा, टपरीवर ब्रोगा, सोयाबीन विकायला आलेल्या ओळखीच्या माणसाशी ब्रोगा. एरवी समोरच्याने शब्द उच्चारल्याशिवाय ते त्याचं गाव सांगत नसत. या शब्दाच्या बाबतीत मात्र स्वतःहून लोकांना धरून सांगायचे. आणि आमचे लोक! महिन्याभरात अख्ख्या मालेगावने तो शब्द उचलला. भाव पडला की व्यापारी म्हणायचे, "ब्रोगा आला, भाऊ." एसटीचा कंडक्टर तपासनीस दिसला की ड्रायव्हरला म्हणायचा, "समोर ब्रोगा उभा हाय." बाया लेकरांना दम द्यायच्या, "जेव, नाईतर ब्रोगा येईन." सहामाहीत मी 'फिअर'चा समानार्थी शब्द विचारला, तर माझ्याच वर्गातल्या एकवीस पोरांनी ब्रोगा लिहिला. मी एकवीस भोपळे दिले.

हेही मी सहन केलं असतं. पण एक दिवस माझ्या घरात दूध उतू गेलं आणि माझी बायको मंदा ओरडली, "बापा, ब्रोगाच झाला!" आणि स्वतःशीच हसत बसली. तेवीस वर्षांच्या संसारात मी तिला निदान पन्नास इंग्रजी शब्द शिकवायचा प्रयत्न केला असेल. त्यातला एकही तिच्या तोंडून असा, दुधासारखा उतू आला नव्हता.

मग मी ठरवलं, की हा शब्द खोटा पाडायचा. दोन दिवस मोबाईलवर शोधलं. मोठमोठ्या विद्यापीठांचे जुने कोश उघडले. आणि शब्द निघाला खरा. अगदी सर सांगत होते तसाच. अर्थ तोच, पाण्याचा ब्रोगा, लढाईचा ब्रोगा, सगळं खरं. माणसाचा हेवा वाटत असावा आणि तो माणूस वर खराही निघावा, यासारखं दुखणं नाही. मी मोबाईल पालथा ठेवला आणि कोणालाच काही सांगितलं नाही.

पुढच्याच महिन्यात तालुक्याच्या शिक्षकांचं प्रशिक्षण लागलं. मोठ्या शहरातून एक तज्ज्ञ आले होते. कडक इस्त्री, गोड उच्चार. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. शेवटी त्यांनी विचारलं, "काही शंका?" आणि मी हात वर केला.

"सर, आमच्या भागात एक ब्रोगा नावाचा इंग्रजी शब्द फार चालतो. मुलं परीक्षेतही लिहितात. तर असा शब्द आहे का?"

सभागृह हसलं. तज्ज्ञही हसले. "ब्रोगा? नाही बुवा. इतकी वर्षं शिकवतोय, कधी ऐकला नाही. कुठून आणला हा?"

सगळ्या माना देवमन सरांकडे वळल्या. ते मागच्या रांगेतून उठले. "साहेब, जुन्या इंग्रजीतला होय. डिक्शनरीत हाय."

"कोणत्या डिक्शनरीत?"

सर अडखळले. "तिले कव्हर नाई, साहेब."

मग जो हशा उसळला, तो थांबेना. "प्रकाशक?" तज्ज्ञांनी विचारलं. "पैली पानं बी नाईत," सर म्हणाले. लोक बाकं बडवायला लागले. त्या गोंधळात सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, भरवसा होता. "काळे सर, तुमी सांगा ना. तुमी एम.ए. हाय. तुमी कुठं वाचला असन."

बाकं बडवणं थांबलं. तज्ज्ञ माझ्याकडे पाहू लागले. मोबाईल माझ्या खिशात होता. ते पान मी जपून ठेवलेलं होतं.

मी म्हणालो, "माझ्या तरी वाचनात नाही."

सर हळूच खाली बसले.

त्या दिवशीही मी त्यांच्याच गाडीवर मागे बसून परत आलो. मला खोटं सांगायचं नाही, पहिले चार दिवस मी मजेत होतो. स्टाफरूममध्ये लोक मला म्हणायचे, "सर, बरं झालं तुमी पुसलं." कोणीतरी मोबाईलच्या स्टेटसला कव्हर नसलेल्या पुस्तकाचं चित्र टाकलं. टपरीवर 'खोटा ब्रोगा' ही नवी म्हण सुरू झाली. दोन पोरं मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, खरं इंग्लिश शिकवा." मी त्यांना काळ शिकवला. ती पुन्हा आली नाहीत.

देवमन सरांनी मात्र शब्दांची गावं सांगणं सोडून दिलं. पाचव्या दिवसापासून ते शाळेतच आले नाहीत. मी एसटीने जायला लागलो. ते रुसले असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

आठवड्याने मंदा बचत गटाच्या बैठकीहून आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "शोभाताई आल्या नाईत."

"कोण शोभाताई?"

"देवमन सरांच्या घरच्या. ते प्रशिक्षन झाल्यापासून घराबाहेर नाई निगाल्या, म्हन्तात. जेवन बी धड नाई. तुमी काय बोल्ले वो तिथं?"

"मी फक्त शंका विचारली."

मंदाने चप्पल बाजूला सारली. मग म्हणाली, "तुमाले शंका कवापासून याले लागल्या?"

रविवारी दुपारी मी सरांच्या घरी गेलो. सोळा वर्षांत मी त्यांच्या गाडीवर हजारो वेळा बसलो असेन, पण घरात दोन-तीनदाच आलो होतो. सर ओसरीत बसून लसूण सोलत होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"या, या सर! बसा. चहा मी मांडतो, तिची तब्येत जराशी..."

"चहा नको," मी म्हणालो. आणि धीर सुटायच्या आत बोलून टाकलं. "सर, तो शब्द खरा आहे. मला माहीत होतं. प्रशिक्षणाच्या आधीपासून माहीत होतं."

त्यांच्या हातातली पाकळी तशीच राहिली. "माहीत होतं?"

"हो."

"मंग काहून नाई बोल्ले?"

मी म्हणालो, "तुमचा हेवा वाटतो मला."

ते माझ्याकडे असे पाहत राहिले, की जणू मी त्यांना न येणारा एखादा शब्द वापरला. "माह्या? मायासारख्याचा कायचा हेवा, सर? मले त 'स्कूल' म्हनता येत नाई." मग ते आतल्या खोलीकडे पाहून आवाज खाली करून बोलायला लागले.

"तीन वर्ष झाले. तिले मधातच कायतरी होते. भाकर थापता थापता, कपडे वाळू घालता घालता. हात गार पडतात, छाती धडधडते, आता मरतो असं वाटते. कारन काईच नाई. वाशीमच्या डॉक्टरनं गोया देल्ल्या, त्या घेते. थोडा फरक हाय. सोयरे म्हन्ले, बाहेरचं हाय, देवरुषाले दाखवा. म्या नाई म्हन्लो. मी तिले पुसो, काय होते तुले, सांग. ते म्हने, सांगता येत नाई. भेव म्हनू काय? नाई. धाक? नाई. दहशत? तेबी नाई. मंग म्या डिक्शनऱ्या काढल्या. रोज संध्याकाळी भेवाचा एकेक शब्द तिले वाचून दाखो. अर्थ सांगो. ते म्हने, हा नाई. हा बी नाई. अन् एक दिवस ब्रोगा वाचला. म्हन्लो, आंगावर धावून येते ते. ते म्हने, 'हेच. हेच होय.'"

बाहेरून एक मोटारसायकल गेली. सरांनी हातातली पाकळी ताटात टाकली.

"नाव भेटलं, सर. मंग आला का ते मले आवाज दे, 'आवो, ब्रोगा आला!' मी हातातलं टाकून जवळ बसो. अन् म्या म्हन्लं, हा शब्द अख्ख्या गावाच्या तोंडात टाकतो. लोकं हासत हासत म्हनतीन, लेकरं खेयतीन, तिच्या कानावर सगळीकडून पडन. जे लेकराच्या खेयात येते, त्याचं भेव कितीक राह्यते? अन् झालं बी तसं. एक डाव बसस्टँडवर कंडक्टर ओरडला, ब्रोगा ब्रोगा करून, अन् हे हासली. तीन वर्षानं हासली."

"आणि आता?"

"बाजूची येऊन सांगून गेली, तुमच्या मास्तरचा शब्द खोटा निगाला. हे मले काई बोल्ली नाई. फक्त म्हने, 'तुमी मायासाठी बनवला होता ना?' लेकराले चूप कराले चांदोबा दाखवतात, तसं वाटलं तिले. म्या लय सांगतलं. पन मी त तिचा नवरा होय, मी त म्हननारच."

मी उठलो. "मी सांगू का त्यांना?"

सरांनी लसणाचं ताट बाजूला सारलं आणि दाराशी जाऊन म्हणाले, "शोभा, काळे सर आले. एम.ए. वाले."

शोभाताई खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला. मी समोरच्या स्टुलावर बसलो, मोबाईल काढला, ते पान उघडलं आणि सांगितलं, की शब्द खरा आहे, मी प्रशिक्षणात खोटं बोललो, आणि देवमन सरांनी त्यात एक अक्षरही स्वतःचं घातलेलं नाही. वर्गात मी इतकं नीट कधी शिकवलं नसेन. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "वाचून दाखवा." मी वाचलं. अर्थ सांगितला. पाण्याचा ब्रोगाही सांगितला.

"कोनाचा शब्द होय हा?" त्यांनी विचारलं.

"तिकडच्या जुन्या लोकांचा. हजार वर्षांपूर्वीच्या."

"राजे-गिजे?"

"नाही, सगळेच. शेतकरी, मासे धरणारे, लढाईवर जाणारे."

"बाया बी?"

"बायाही."

त्यांनी मोबाईलच्या काचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हन्जे त्याइले बी होत होतं असंच. हजार वर्षाआधी."

"हो. झाल्याशिवाय शब्द कसा केला असता?"

"मले वाटे, मी एकटीच होय."

दारात उभे असलेले देवमन सर तिथून हलले. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज यायला लागला. नको म्हटलेला चहा ते मांडत होते. शोभाताई हाक मारून म्हणाल्या, "साखर वरच्या डब्यात हाय," आणि मग स्वतःच उठल्या.

सोमवारी मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, की शब्द खरा आहे आणि मी जाणूनबुजून गप्प बसलो. मोबाईल हातोहात फिरवला. लोक हसले नाहीत, ते हसले असते तर बरं झालं असतं. मुख्याध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "मंग त्या एकवीस पोरांचे मार्क वाढवा." मी वाढवले. बुधवारपासून देवमन सर शाळेत यायला लागले. मी पुन्हा त्यांच्या मागे बसतो. त्या दुपारबद्दल ते एकदाही बोललेले नाहीत. शोभाताईंचं दुखणं गेलेलं नाही, पण त्या बचत गटात येतात. मंदा सांगते, की एकदा पापड लाटता लाटता त्यांचे हात गार पडले, तर त्या मोठ्याने म्हणाल्या, "आला वो ब्रोगा, धरा मले," आणि चार बायांनी धरलं.

माझा हेवा गेला, असं कोणाला वाटत असेल तर ते चूक आहे. पूर्वी मला त्यांच्याभोवतीच्या पोरांचा हेवा वाटायचा. आता वाटतो तो वेगळा आहे, आणि जास्त आहे.

त्या रविवारी सरांकडून मी घरी आलो, तेव्हा मंदा सूप घेऊन तुरीची डाळ पाखडत होती. मी दारातच चप्पल काढली. मग विचारलं, "तुला कधी भीती वाटते का गं?"

तिने वर पाहिलं. "आजच काहून पुसून राह्यले?"

"असंच."

सुपातली डाळ तिने एकदा वर उडवली, झेलली. पुन्हा उडवली नाही. सूप भिंतीशी ठेवलं, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "बसा खाली."